घोडा कुठून गेला

घोडा उजवीकडून येतो, समोरून जातो, डावीकडे वळून पाठीमागे जातो आणि परत उजवीकडून येतो. स्पीकरमधून नुसत्या आवाजात एवढं करायला मला अडीच दिवस लागले. मिक्सर राइट मोडमध्ये, म्हणजे जुन्यावर नवं लिहिण्याच्या मोडमध्ये, राहिलाय हे विसरून मी प्ले दाबलं आणि आधीचे सगळे कीफ्रेम, म्हणजे आवाज कधी कुठे असेल त्या खुणा, पुसले गेले, तो अर्धा दिवस यात धरलाय. आणि शेवटी जे तयार झालं ते चुकीचं होतं. टेक्निकली बरोबर, तरी चुकीचं. ते कसं ते सांगतो, पण त्याला जरा वेळ लागेल.

मी मूळचा लग्नाच्या व्हिडिओवाला. लग्नात पॅनिंग, म्हणजे आवाज डावी-उजवीकडे नेणं, वगैरे कुणी करत नाही. मंगलाष्टका मधोमध, सनई मधोमध, वरातीचा बँडपण मधोमध, आणि वरून एक गाणं टाकलं की संपलं. दहा-बारा वर्षं मी त्या मिक्सरमधल्या गोल नॉबकडे बघितलंसुद्धा नव्हतं, तो दिसायचा पण देवळाच्या कळसासारखा, आहे वर कुठेतरी. मग एका दिंडीच्या मंडळींनी वर्गणी काढून वारीवर बावीस मिनिटांची डॉक्युमेंटरी करायला सांगितली, आणि तालुक्याचा थिएटरवाला म्हणाला की पिक्चर झाला की सकाळचा एक शो फुकट देतो, पण फाइल फाइव्ह पॉइंट वनमध्ये आण, नाहीतर मागचे स्पीकर नुसते भिंतीला टांगलेले दिसतील. फुकट शो म्हटल्यावर मी हो म्हणून बसलो. फाइव्ह पॉइंट वन म्हणजे काय ते मला माहीत होतं, म्हणजे माहीत आहे असं वाटत होतं.

पॅन हा शब्द पॅनोरमावरून आलाय. १९४० साली वॉल्ट डिस्नीच्या 'फँटेशिया'साठी फँटासाउंड नावाची यंत्रणा केली होती, तेव्हा आवाज पडद्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकवायला जी वस्तू बनवली ती पॅनपॉट, पॅनोरमिक पोटेन्शिओमीटर. आज टाइमलाइनच्या बाजूला दिसतो तो नॉब त्याचंच चित्र. पण खरी गोष्ट त्याच्याही आधीची आहे. लंडनमध्ये ईएमआय या रेकॉर्ड कंपनीत ॲलन ब्लमलाइन नावाचा इंजिनिअर होता. सांगतात असं की तो बायकोला घेऊन सिनेमाला गेला, पडद्यावर माणूस या टोकाकडून त्या टोकाला चालत गेला पण आवाज आपला एकाच जागेवरून, आणि हा बायकोला म्हणाला की आवाज माणसाच्या मागे कसा जाईल ते मला सुचलंय. डिसेंबर १९३१ मध्ये त्याने पेटंटचा अर्ज केला तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. १९३५ मध्ये त्याने प्रयोगासाठी छोट्या फिल्मा काढल्या, त्यातल्या एकीत हेज स्टेशनवरून नुसत्या आगगाड्या जातात. १९४२ मध्ये रडारच्या चाचणीचं विमान पडून तो गेला, वय अडतीस. मला तो बायकोबरोबरचा प्रसंग फार आवडतो, कारण मी पण सिनेमा बघताना शेजारच्याला असलं काहीतरी बोलतो आणि मला गप्प बस म्हणतात.

तर पॅनची गंमत ही की त्यात काहीच सरकत नाही. दोन स्पीकर जिथे ठेवलेत तिथेच असतात. नॉब फिरवला की एक जरा मोठा होतो, दुसरा जरा लहान होतो, बाकी सगळं आपलं डोकं करतं. आपल्याला दिशा कळते ती मुख्य दोन गोष्टींवरून, एक म्हणजे कुठल्या कानाला आवाज मोठा आला आणि दुसरी म्हणजे कुठल्या कानाला आधी आला. हा आधी-नंतरचा फरक किती असतो, तर आवाज अगदी एका बाजूने आला तरी एका सेकंदाच्या हजाराव्या भागाचासुद्धा पाऊण हिस्सा भरत नाही. एवढ्यावरून आपल्याला अंधारात कळतं की कुत्रं कुठे भुंकतंय. आपला पॅनचा नॉब त्या वेळेशी खेळतच नाही, तो फक्त लहान-मोठं करतो आणि तरी फसवणूक चालून जाते. दोन्ही स्पीकर सारखे वाजले की आवाज मधोमध, जिथे स्पीकरच नाही तिथून येतो. पहिल्यांदा नीट बसून ऐकलं तेव्हा मी उठून मॉनिटरच्या मागे बघून आलो होतो, खोटं सांगत नाही.

यात एक हिशोब आहे तो मला उशिरा कळला. नॉब मधे असताना दोन्हीकडे पूर्ण आवाज दिला तर मधला आवाज कडेच्यापेक्षा मोठा वाटेल, म्हणून मधे आल्यावर दोन्हीकडे साधारण तीन डीबी (डेसिबल, आवाज मोजायचं माप) कमी करतात. याला पॅन लॉ म्हणतात. कुठे तीन, कुठे साडेचार, कुठे सहा, आणि ही सेटिंग वेगळी असेल तर एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेलेलं मिक्स जरासं बदलतं, नेमकं काय बदललं ते सांगता येत नाही, फक्त आमटीत मीठ जरा पुढेमागे झाल्यासारखं वाटत राहतं.

आणि हे सगळं चालतं ते त्या एकाच जागेवर. दोन स्पीकर आणि तुम्ही, तिघांत सारखं अंतर. फूटभर डावीकडे सरका, मधला आवाज तुमच्याबरोबर डावीकडे येतो आणि जवळच्या स्पीकरमध्ये जाऊन बसतो. आपल्याकडे तर 'डॉल्बी' म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर गणपतीच्या मिरवणुकीतली ट्रॅक्टरवरची स्पीकरची भिंत येते, काच हलवणारी. बिचारे डॉल्बी हे एका माणसाचं आडनाव आहे, आणि त्यांची पहिली ओळख रेकॉर्डिंगमधली खरखर कमी करणारा माणूस अशी, हे मिरवणुकीत कुणाला सांगणार. ती भिंत बहुतेक वेळा मोनोच वाजते बरं का, म्हणजे सगळ्या स्पीकरमधून एकच आवाज, आणि ते बरोबरच आहे. गर्दी चारी बाजूला पसरलेली, कुणाचं डावं नि कुणाचं उजवं.

आता माझी पहिली चूक. दिंडीचा आवाज आम्ही स्टिरिओत घेतला होता. माझा साउंडवाला मित्र दोन रांगांच्या मधून उलटा चालत होता, हातात काठी, काठीवर रेकॉर्डर, त्यामुळे टाळकऱ्यांची एक ओळ डाव्या कानात आणि दुसरी उजव्यात, मृदंग मधोमध, सुंदर रेकॉर्डिंग. एका शॉटमध्ये दिंडी पडद्याच्या उजव्या कडेला होती म्हणून मी तिचा आवाज उजवीकडे नेला. नॉब पूर्ण उजवीकडे. ऐकलं तर दिंडी उजवीकडे गेली खरी, पण अर्धीच. एक अख्खी ओळ गायब, आणि चालीचा उचल नेमका त्याच ओळीतला एक माणूस करत होता, तो गायब. झालं असं होतं की मोनो क्लिपवर तो नॉब पॅन असतो पण स्टिरिओ क्लिपवर बऱ्याच ठिकाणी तो नुसता बॅलन्स असतो, म्हणजे डावीकडचं उचलून उजवीकडे आणत नाही, डावीकडचं बंद करतो. मग दोन्ही चॅनल सुटे करून, दोन मोनो ट्रॅक करून, एक जरा उजवीकडे आणि दुसरा जरा जास्त उजवीकडे असं बसवलं, तेव्हा माणसं परत आली. लग्नाच्या व्हिडिओत किती जणांचे मामा-मावश्या मी असे न कळत बंद केले असतील देव जाणे. नाही, नॉबला हातच लावत नव्हतो म्हणा. सुटलो.

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी. फाइव्ह पॉइंट वनमध्ये सहा चॅनल असतात. डावा, उजवा, मधला, मागचे दोन, आणि तो पॉइंट वन म्हणजे खालच्या धमधम आवाजाचा. बोलणं मधल्याला द्यायचं असतं, त्याचं कारणही जागेचंच आहे. थिएटरमध्ये अगदी कडेच्या खुर्चीवर बसलेल्यालासुद्धा माणूस पडद्यातून बोलतोय असं वाटायला पाहिजे, म्हणून पडद्याच्या मागे मधोमध खरोखरचा स्पीकर असतो, डोक्याने बनवलेला नाही. १९५३ मध्ये रुंद पडद्याचं सिनेमास्कोप आलं तेव्हा सुरुवातीला पडद्यावर माणूस जिथे उभा तिथून संवाद, असं करून बघितलं होतं. पण शॉट बदलला की डावीकडचा माणूस उजवीकडे जातो आणि त्याचा आवाज टुणकन उडी मारतो, बघणाऱ्याचं लक्ष गोष्टीतून उठून स्पीकरवर जातं. पुढे बहुतेकांनी ते सोडलं. मी हे सगळं वाचून, शहाण्यासारखं सगळं बोलणं मधल्या चॅनलला दिलं, एक्सपोर्ट केलं, आणि थिएटरवर ट्रायलला लावलं तर सगळी माणसं पडद्याच्या उजव्या कडेतून बोलायला लागली. आणि पडद्याच्या मधोमध, जिथून बोलणं यायचं, तिथून उजव्या बाजूचे टाळ. थिएटरचा ऑपरेटर माझ्याकडे असा बघत होता की मी काहीतरी घरून बिघडवून आणलंय.

आणलंच होतं. या सहा चॅनलचा क्रम दोन प्रकारे लावतात. एकात डावा, मधला, उजवा, मग मागचे, शेवटी धमधम. दुसऱ्यात डावा, उजवा, मधला, धमधम, मग मागचे. मी पहिल्या क्रमाने बांधलं, तिथे दुसऱ्या क्रमाने वाचलं. दोन नंबरला माझा मधला होता, तिथे उजवा समजला गेला. एवढंच. फाइल तीच, आवाज तेच, फक्त कोण कुठल्या पाटावर बसणार यात घोळ. घरी येऊन मी सहा चॅनलवर स्वतःच्या आवाजात 'डावा', 'मधला', 'उजवा' असं रेकॉर्ड केलं आणि तेव्हापासून कुठलीही फाइल देण्याआधी ते वाजवून बघतो. या एका सवयीने माझी बरीच अब्रू वाचलीय.

तर आता घोडा.

पुरंदवड्याला गोल रिंगण होतं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, माउलींची पालखी मधे ठेवतात, दिंड्या भोवतीने उभ्या राहतात, मधे धावायला गोल वाट मोकळी सोडतात. पताकावाले धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया धावतात, विणेकरी धावतात, आणि मग दोन घोडे. एकावर स्वार असतो हातात जरीपटका घेऊन, दुसऱ्यावर कुणीच नसतं, तो माउलींचा. तो पुढे आला की जे काही होतं ते मी लिहू शकत नाही, शूट करताना पण कॅमेऱ्याच्या मागे मला नीट दिसत नव्हतं, डोळ्यात धूळ गेली होती असं सगळ्यांना सांगितलंय. घोडा गेल्या गेल्या लोक वाटेवर पडतात, टापांखालची माती कपाळाला लावतात.

टापांचा आवाज आम्हाला मिळाला नाही. म्हणजे मिळाला, पण त्यावर हजारो लोकांचं 'माउली माउली'. म्हणून घरी एका घमेल्यात माती घेतली, नारळाच्या दोन करवंट्या, आणि बायको विचारेपर्यंत टापा वाजवल्या. मोनो रेकॉर्ड झाल्या, म्हणजे कुठेही नेता येतील. आणि सराउंड पॅनर उघडला की समोर एक चौकोन येतो, कडेला पाच स्पीकर, मधे तुम्ही, आणि एक ठिपका जो माउसने कुठेही न्यायचा. तो ठिपका बघून कुणाच्याही मनात पहिला विचार काय येणार? गोल फिरवू या. फायनल कट प्रोमध्ये तर 'सर्कल' नावाचा तयार पर्याय आहे, म्हणजे हा मोह जगभर आहे. आणि माझ्याकडे तर अक्षरशः रिंगण होतं.

फिरवलं. समोर छान. पण बाजूला आल्यावर घोडा गडबडायचा. पुढचे स्पीकर साधारण तीस अंशावर, मागचे एकशेदहा अंशावर, मधे बरीच मोठी जागा मोकळी, आणि दोन कानांच्या मधोमध समोर जशी फसवणूक जमते तशी एका कानाच्या बाजूला जमत नाही. घोडा डाव्या खांद्यापाशी नाहीसा व्हायचा आणि एकदम पाठीमागे उगवायचा. मग तिथे वेग कमी-जास्त कर, बाजूला असताना आवाज जरा पसरव, मागे गेला की टापांची वरची किणकिण कापून टाक, असं करत करत अडीच दिवसांनी तो घोडा गुळगुळीत फिरायला लागला. टापांचा धबधब धमधमवाल्या चॅनलला दिला. खुर्ची थरथरत होती. मी स्वतःवर इतका खूश होतो की शेजारच्या झेरॉक्सवाल्याला बोलावून ऐकवलं.

मग दिंडीतल्या विणेकरी आजोबांना बोलावलं. वय ऐंशीच्या पुढे, पन्नासएक वाऱ्या झालेल्या. त्यांना मधल्या खुर्चीवर बसवलं, चहा दिला, आणि रिंगणाचा सीन लावला. ते शांत बघत होते. घोडा त्यांच्या भोवती एकदा फिरला, दोनदा फिरला. तिसऱ्यांदा त्यांनी मान वळवून मागे दरवाजाकडे बघितलं, थिएटरमध्ये लोक मागून आवाज आला की बाहेर जायच्या दाराकडे बघतात ना तसं, आणि म्हणाले,

"माउली, घोडा माझ्या भोवती कशाला फिरतोय? मी काय पालखीत बसलोय?"

मी काहीतरी म्हणालो, की आजोबा ते इफेक्ट, थिएटरमध्ये लोकांना मजा येते वगैरे. ते म्हणाले, "असू द्या. पण फिरवायचा तर सुलटा तरी फिरवा. ही उलटी प्रदक्षिणा झाली."

मला कळेना. घोडा कॅमेऱ्यात उजवीकडून डावीकडे जात होता, मी तसाच सुरू केला होता. आजोबांनी टेबलावरची बशी मधे ठेवली, कप घेऊन तिच्याभोवती फिरवला. बाहेर उभं राहिलं तर कप माझ्यासमोरून उजवीकडून डावीकडे गेला. मग म्हणाले, आता बशीत बसा. बशीतून बघितलं तर तोच कप डावीकडून उजवीकडे. मी बाहेर उभ्या माणसाचा घोडा उचलून आत बसलेल्या देवाच्या भोवती फिरवला होता. चित्र कडेच्या माणसाचं आणि कान पालखीतले, आणि दोघांची दिशा एकमेकांच्या विरुद्ध. बावीस मिनिटांच्या पिक्चरमध्ये मी माउलींना उलटी प्रदक्षिणा घालून ठेवली होती आणि झेरॉक्सवाला म्हणाला होता एक नंबर.

ते गेल्यावर मी बराच वेळ त्या चौकोनातल्या मधल्या माणसाकडे बघत बसलो. पॅनरमध्ये तो नेहमी मधे असतो, सगळं त्याच्या भोवती. पण रिंगणात हजारो लोकांतला एकही माणूस मधे नसतो. घोडा कुणाच्याच भोवती फिरत नाही, तो तुमच्या पुढून जातो. आधी लांब कुठेतरी गलका उठतो, तो गलका उजवीकडून सरकत येतो, मग टापा, दोन-तीन सेकंद, आणि गेला. मग पलीकडून गलका ऐकू येत राहतो, समोर, दिंड्यांच्या मागून, पण घोडा दिसत नाही. तुम्ही वाट बघता. रिंगण म्हणजे जास्त वेळ वाट बघणं आहे.

मग आठवलं की तबल्याचं पण हेच आहे. तबला उजव्या हाताला, डग्गा डाव्या, हे वाजवणाऱ्याचं. समोर बसलेल्याला तबला डावीकडे. मिक्समध्ये कसा ठेवायचा यावरून मी दोन साउंडवाल्यांना तावातावाने भांडताना बघितलंय आणि तेव्हा मला ते दोघे रिकामटेकडे वाटले होते.

सगळे कीफ्रेम पुसले, या वेळी मुद्दाम. टापा फक्त पुढच्या तीन स्पीकरमध्ये, उजवीकडून डावीकडे, अडीच सेकंद. मागच्या दोन स्पीकरमध्ये टाळ, श्वास, धक्काबुक्की आणि कुणीतरी "माउली, पोरगं पुढे घ्या" म्हणतंय ते, कारण कडेला उभं राहिलं की गर्दी पाठीमागेच असते. खरं फिरवला तो फक्त गलका, आणि तोही माझ्याभोवती नाही, समोरच्या समोर, जवळ-लांब. घोडा पलीकडे असताना अकरा सेकंद टापाच नाहीत. अडीच दिवसांचं काम होतं त्या जागी चाळीस मिनिटांचं काम बसलं. थिएटरवाला म्हणाला मागचे स्पीकर जरा कमीच वाजले, पण आजोबा सकाळच्या शोला सबंध वेळ पुढे बघत होते, दरवाजाकडे एकदाही नाही.

शो झाल्यावर सगळ्यांना व्हॉट्सॲपवर पाहिजे होतं. म्हणजे सहा चॅनलचे परत दोन करायचे. साध्या हिशोबात मधला आणि मागचे तीन डीबी कमी करून डाव्या-उजव्यात मिसळतात आणि धमधमवाला चॅनल सरळ सोडून देतात. माझ्या टापांचा धबधब त्यातच होता, तो गेला, करवंट्या उरल्या. धबधब पुन्हा पुढच्या चॅनलमध्ये थोडा भरला. मग आत्याला दाखवलं. आत्या गुडघ्यांमुळे चार वर्षं वारीला गेली नाहीये. तिने फोन उभा धरला, म्हणजे माझं डावं-उजवं तिच्याकडे वर-खाली झालं, ओट्याला टेकवून ठेवला आणि भाजी निवडत बघायला लागली. रिंगण आलं. घोडा आला आणि गेला. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"टाळ ऐकू येत नाहीत रे," ती म्हणाली. "रिंगणात टाळ कसे ऐकू येणार नाहीत?"

टाळ मागच्या चॅनलमध्ये होते. मी आत जाऊन मागचे दोन्ही चॅनल अडीच डीबी वर घेतले, परत ऐकलं, आणखी अर्धा घेतला आणि एक्सपोर्टला लावलं. चौदा मिनिटं दाखवत होतं. स्वयंपाकघरातून तिने हाक मारली की आधीचं पुसू नको, घोडा चांगला आलाय.